स्कॅन्सनला जाण्यापूर्वी: जुनी शेतघरे कशी पाहावीत आणि आमच्या मांगराचे काय करावे?

कुळागरची सून (सावईवेरे, फोंडा)

सर्वांना नमस्कार. येत्या जूनमध्ये आम्ही माझ्या धाकट्या दिरांकडे स्टॉकहोमला जाणार आहोत आणि त्यांनी एक पूर्ण दिवस स्कॅन्सन या खुल्या आवारातल्या संग्रहालयासाठी राखून ठेवला आहे. स्वीडनच्या निरनिराळ्या प्रांतांतली जुनी शेतकरी घरे, गोठे आणि धान्याची कोठारे मूळ जागेवरून उतरवून तिथल्या एका टेकडीवर पुन्हा उभी केली आहेत, एवढी माहिती मला आहे. आमच्याबरोबर माझे सासरे येणार आहेत. त्यांचे वय सत्याहत्तर असून सगळे आयुष्य कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, गेले आहे. राजवाडा दाखवला तर ते मान राखण्यापुरते पाहतील आणि बाकावर जाऊन बसतील. गोठा दाखवला तर दावण कुठे होती, शेण कुठून बाहेर काढत, हे विचारल्याशिवाय पुढे सरकणार नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एका दिवसात नेमके काय पाहावे आणि काय सोडून द्यावे, हे जाणकारांनी सांगितले तर फार उपकार होतील.

विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, कुळागरातच, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला आमचा मांगर, म्हणजे बागेतले लहानसे घर, आहे. जोत्याला चिरे, वर मातीच्या भिंती, फणसाचे चार खांब, माडीचे (सुपारीच्या झाडाचे) खोड चिरून काढलेल्या रिपा आणि त्यांच्यावर नळे, असे त्याचे साधे रूप आहे. पूर्वी सुपारी, नारळ, कोयते आणि पारया तिथे असत आणि पावसाळ्यात एक गडीही राहत असे. दाराजवळच्या खांबावर कोयत्याने मारलेल्या बारीक खुणा आहेत, कारण नारळ मोजताना शंभर भरले की तिथे एक खूण करायची पद्धत होती. गेली दोन वर्षे मागची भिंत पाणी धरू लागली आहे. मांगर पाडून तिथे स्लॅबची खोली बांधावी, असे घरातल्या काहींचे म्हणणे आहे. सासरे त्यावर काहीच बोलत नाहीत आणि त्यांचे ते न बोलणे मला सहन होत नाही. स्वीडनमध्ये घरे उचलून नेऊन जपली जातात, तसे आपल्याकडे काही करता येते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

मडगावची, सध्या स्टॉकहोमला

आपला प्रश्न वाचून मला माझ्या आजोळची आठवण झाली, म्हणून सविस्तर लिहिते. मी येथे अकरा वर्षे राहत असून गोव्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला स्कॅन्सनला नेते.

आधी पायांचा विचार करू. शहराच्या मध्यभागातून सात क्रमांकाची ट्राम थेट स्कॅन्सनच्या दारापाशी जाते. मुख्य प्रवेशद्वारातून टेकडीवर चढायला सरकता जिना आहे आणि हासेलियस यांच्या नावाच्या दुसऱ्या दारापासून दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे वर नेते. चढण अशी टळते. वर पोहोचल्यावर मात्र वाटा चढ-उताराच्या आहेत आणि काही ठिकाणी दगडगोट्यांची फरसबंदी आहे, त्यामुळे आजोबांना जाड तळव्याचे बूट घालायला सांगा. टेकडी सुमारे ३० हेक्टरची असून इमारती दीडशेच्या घरात आहेत. त्या सगळ्या एका दिवसात पाहण्याचा नाद धरू नका. चार-पाच वाडे निवडा आणि प्रत्येक ठिकाणी निवांत बसा. घरांच्या उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून त्या दिवशी कोणती घरे उघडी आहेत ते दारावरच विचारून घ्या. जूनमध्ये येथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा घाई करायचे कारण नाही. अस्वले आणि एल्क पाहायला मुले ओढतील. त्यांना दिरांच्या ताब्यात द्या.

स्कॅन्सन उभे राहिले ते आर्थर हासेलियस या एका माणसाच्या अस्वस्थतेतून. १८७२ मध्ये ते दालार्ना प्रांतात हिंडत असताना खेड्यांतले पोशाख, भांडी आणि घरांच्या रीती डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. सुरुवातीला त्यांनी वस्तू गोळा केल्या, पण घुसळणीची रवी काचेच्या कपाटात ठेवली की ती कोणत्या खांबाला बांधत आणि ताक काढणारी बाई कुठे बसत असे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून त्यांनी घरेच आणायला सुरुवात केली आणि ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्कॅन्सन लोकांसाठी उघडले. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ लहानसा कोट असा आहे. पुढे पोलंड आणि हंगेरीत खुल्या आवारातल्या कुठल्याही ग्रामीण संग्रहालयाला स्कॅन्सन हेच सामान्य नाम पडले.

आता काय पाहावे ते सांगते. दालार्नातल्या मूरा गावाकडून आलेला मूरागोर्डेन हा वाडा सर्वात आधी पाहा, कारण येथे उभे राहिलेले पहिले घर त्यातले आहे. आपल्याकडे एका छपराखाली ओटी, माजघर, न्हाणी आणि कधी कधी गोठाही येतो. तिथे तसे नाही. राहण्याचे घर वेगळे, गाईंचा गोठा वेगळा, घोड्यांचा वेगळा, गवताचे आणि धान्याचे कोठारही वेगळे, आणि ही सगळी लाकडी घरे अंगणाभोवती चौकोनात बसवलेली आहेत. आग लागली तर एकच घर जावे, बाकीची वाचावीत, हा त्यातला एक मोठा विचार होता. आपले राजांगण एका घराच्या पोटात असते; त्यांचे अंगण अनेक घरांनी मिळून घडवलेले असते.

तिथून धान्याच्या कोठाराकडे या. त्याला हेर्ब्रे म्हणतात. जमिनीपासून उंच उचलून ते आखूड खांबांवर बसवलेले असते, जेणेकरून ओल लागू नये आणि उंदरांना वर चढता येऊ नये. स्कॅन्सनवरची सर्वात जुनी वास्तू नॉर्वेच्या टेलेमार्क भागातून आणलेले एक दुमजली कोठार आहे. ते चौदाव्या शतकातले आहे, म्हणजे आपल्याकडे कदंबांचे राज्य मावळत होते त्या काळातले. त्याच्या तुळयांना हात लावता आला तर आजोबांना जरूर लावू द्या.

दक्षिणेकडच्या हाल्लांड प्रांतातला ओक्टोर्प्सगोर्डेनही चुकवू नका. मधले राहण्याचे घर बसके आणि त्याच्या दोन्ही टोकांना उंच माळ्याची कोठारे, अशी त्याची ठेवण आहे. आत शिरताना मान वाकवावी लागते आणि डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. हेल्सिंगलांडचा डेल्सबूगोर्डेन याच्या अगदी उलट आहे. जवस आणि लाकूड यांवर सधन झालेल्या शेतकऱ्यांनी भिंती चित्रांनी कशा भरून टाकल्या, ते तिथे दिसते. उन्हाळ्यात गुरे घेऊन बायका रानातल्या ज्या वस्तीवर राहायला जात आणि तिथेच लोणी-चीज करत, ती फेबूद शेवटी पाहा. आजोबांना ती आपल्या मांगराची दूरची बहीण वाटेल, असे मला मनापासून वाटते.

घरांत त्या काळच्या पोशाखातली माणसे असतात आणि कधी चुलीवर पातळ भाकरीसारखी पोळी भाजताना भेटतात. त्यांना प्रश्न विचारा. धान्य कुठे सुकवत, पेटलेली चूल रात्री कशी राखत, गुरांना सहा महिने पुरेल एवढे गवत कुठे साठवत, असे तीन प्रश्न प्रत्येक घरात विचारले तर फलक वाचायची गरज उरत नाही.

चिरा आणि माती

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

स्कॅन्सनची घरे प्रवास करू शकली याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. ओंडके एकावर एक आडवे रचायचे, कोपऱ्यावर खाचा पाडून ते एकमेकांत अडकवायचे आणि फटींत शेवाळ भरायचे, अशी ती भिंत असते. खिळ्यांवर तिचे काही अडत नाही. छपरावर भूर्जाच्या सालीचे थर अंथरून पाणी अडवतात आणि साल जागेवर राहावी म्हणून वर गवताची ढेकळे रचतात. असे घर उतरवायचे तर वरून खाली एकेक ओंडका क्रमांक टाकून काढायचा आणि नव्या जागी खालून वर रचायचा. कुजलेला तळचा ओंडका बदलला तरी घर तेच राहते.

आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्या मांगराची भिंत मातीची आहे आणि मातीची भिंत उतरवली की हातात माती उरते. खांब, तुळया, दारे आणि नळे नेता येतील, पण भिंत नव्याने घालावी लागेल. म्हणूनच आपल्याकडच्या प्रयत्नांनी निरनिराळे मार्ग काढले. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेल्या गोवा चित्रामध्ये शेतीची आणि घरगुती वापराची चार हजारांहून अधिक साधने आहेत आणि ती जिथे ठेवली आहेत, ती इमारतही पाडल्या गेलेल्या जुन्या घरांचे खांब, दारे आणि खिडक्या वापरून बांधलेली आहे. लोटलीच्या अन्सेस्ट्रल गोवामध्ये कुंभार, रेंदेर (माडाची ताडी काढणारे) आणि मासेमार यांची घरे नव्याने रचून दाखवली आहेत. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात निरनिराळ्या समाजांच्या लोकांनी स्वतः येऊन आपापल्या पद्धतीची घरे बांधली. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला १९९६ मध्ये उघडलेल्या दक्षिणचित्रात केरळमधली लाकडी घरे उतरवून आणून पुन्हा उभी केली आहेत, आणि केरळच्या जुन्या ख्रिस्ती घरांत धान्याची लाकडी खोली घराच्या अगदी मध्यभागी असे, हेही तिथे उमजते. आजोबांना स्वीडनपूर्वी एखाद्या रविवारी बाणावलीला घेऊन जा. तिथला भला मोठा घाणा पाहून आले की परदेशातल्या वस्तू ते आपल्या मापाने मोजतील.

आपला मांगर कुठेही हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा अर्थ पाटाच्या पाण्याशी, सुपारी वाळत घालायच्या खळ्याशी आणि घराकडे जाणाऱ्या वाटेशी बांधलेला आहे. स्वीडिश लोकांनाही हे उमगले आहे. हेल्सिंगलांडमधली चित्रांनी सजलेली सात शेतघरे त्यांनी मूळ जागेवरच राखली आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

भिंत ओल धरते आहे तर पहिला संशय छपरावर घ्या. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एक सरकलेला नळा चार महिन्यांत अर्धी भिंत खाली आणतो. मे महिन्यात नळे उतरवून, झाडून पुन्हा शाकारा. कुजलेल्या रिपा तेवढ्या बदला. मागच्या बाजूला विणलेल्या चुडतांची झड (नारळाच्या झावळ्यांचा आडोसा) बांधा आणि भिंतीच्या पायाशी साचलेली माती काढून पाणी लांब जाईल असा चर खणा. भिंतीला सिमेंटचा गिलावा कृपया करू नका. माती ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटच्या थराआड ती ओल कोंडली जाते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. माती, भाताचा तूस आणि शेण कालवून तुटलेला भाग भरा आणि तो सावकाश सुकू द्या.

आणि निघण्यापूर्वी मांगराचे मोजमाप करून ठेवा. लांबी, रुंदी, खांबांमधले अंतर, जोत्याची आणि आढ्याची उंची, दाराची चौकट कशात बसवली आहे, हे सगळे वहीत उतरवा आणि चारही बाजूंची छायाचित्रे काढा. उद्या काही विपरीत झाले तर निदान काय होते ते कळेल.

बार्देशकार

वरच्या शेवटच्या सूचनेसाठी मी स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या जुन्या घराचा गोठा मोडकळीला आला तेव्हा जुन्या सामानाचा एक व्यापारी आला आणि त्याने सहा खांब, दोन तुळया आणि कोरलेली एक चौकट विकत घेतली. पैसे चांगले मिळाले होते. ते खांब पुढे एका हॉटेलच्या उपाहारगृहात उभे राहिले. मी ते तिथे पाहिले. पॉलिश करून चमकवलेले होते आणि गुरांच्या दाव्याने घासून पडलेल्या खाचा लुकणाने बुजवल्या होत्या. आमच्या आईने एका खांबाला हात लावला आणि आपली गंगी गाय याच खांबाला बांधलेली असायची, असे सांगितले. बाकी कोणाला ते ठाऊक असायचे कारण नव्हते. आम्ही गोठ्याचे एकही माप घेतलेले नव्हते आणि आता माझ्या मुलांना गोठा कसा होता, हे सांगताना मला कागदावर रेघही ओढता येत नाही.

स्कॅन्सनविषयी एक शंकाही मांडतो. शेकडो मैल दूर असलेल्या प्रांतांतली घरे एका टेकडीवर शेजारी शेजारी ठेवली की ती एकाच गावातली असल्यासारखी वाटतात आणि त्यांचे खरे शेजारी, रान, ओहोळ आणि थंडी हे सगळे मागे राहते. तरीही ती घरे आज उभी आहेत आणि आमचा गोठा उभा नाही, म्हणून ही शंका मी फार जोराने मांडू शकत नाही.

कुळागरची सून (सावईवेरे, फोंडा)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही गेल्या आठवड्यात परतलो. येथे पाऊस जोरात आहे आणि सासरे ओटीवर बसून आहेत, म्हणून निवांतपणे लिहिते.

मे महिन्यातच आम्ही नळे उतरवून शाकारणी करून घेतली. रिपा काढताना मागच्या कोपऱ्यातल्या तीन वाळवीने पोकळ केलेल्या निघाल्या. आपण म्हणालात तसे दुखणे भिंतीचे नव्हतेच, पाणी तिथूनच उतरत होते. बाणावलीलाही जाऊन आलो. सासऱ्यांनी तिथल्या मापांच्या पायल्या-कुडव पाहून आपल्या घरची पायली कोणत्या बाजूला फुटली होती, ते मला सांगितले. वीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कधी काढली नव्हती.

स्कॅन्सनला सरकत्या जिन्याने वर गेलो आणि आधी मूरागोर्डेनच्या अंगणात बसलो. सासरे बराच वेळ एकाच कोपऱ्यासमोर उभे होते. दोन भिंतींचे ओंडके जिथे एकमेकांत शिरतात, तिथे त्यांनी अंगठा घातला आणि खाच किती खोल आहे ते चाचपले. मग त्यांनी सांगितले की वरच्या ओंडक्याच्या अंगाला खालून पन्हळ काढली आहे, म्हणून तो खालच्यावर टोपीसारखा बसतो आणि पाणी आत वळत नाही. तिथल्या फलकावर हे नव्हते. कोठाराशी ते वाकून खालचे खांब पाहू लागले आणि आपल्याकडे कणगी शेणाने सारवून माळ्यावर ठेवतात, येथे सगळे कोठारच माळ्यावर ठेवले आहे, असे म्हणाले.

एका घरात चुलीपाशी बसलेल्या बाई पोळ्या भाजत होत्या. आढ्याखाली आडवी काठी बांधलेली होती आणि मधोमध भोक पाडलेल्या कडक, वाळलेल्या भाकऱ्या तिच्यात ओवून ठेवल्या होत्या. दिरांनी दुभाष्याचे काम केले. सासऱ्यांनी त्यांना विचारले की धुराने भाकरीची चव बदलत नाही का. त्या बाई हसल्या आणि त्यांनी एक तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि घरी आणला. तो आता आमच्या देवघराच्या फडताळात आहे.

बार्देशकार, आपली शंका मलाही तिथे जाणवली. ओक्टोर्पच्या घरातून बाहेर पडल्यावर थोड्याच पावलांवर दुसऱ्याच मुलखातले घर समोर येते आणि मन गोंधळते. सासऱ्यांना मात्र तसे काही झाले नाही. प्रत्येक दाराशी ते दिरांना दक्षिण कुठे, वारा कुठून येत असे, हे विचारत होते आणि ते घर आपल्या मनातल्या मूळ जागेवर फिरवून बसवत होते.

परत येताना विमानात त्यांनी आपणहून मांगराचा विषय काढला. स्लॅबची खोली हवी असेल तर ती घराच्या मागे बांधावी आणि मांगराला हात लावू नये, एवढेच ते बोलले. घरी आल्यावर त्यावर कोणी वाद घातला नाही. मागच्या भिंतीला मे महिन्यात लावलेली चुडतांची झड अजून टिकून आहे आणि भिंत आतून हाताला कोरडी लागते.

बाहेरची मापे तेव्हाच घेतली होती. आतल्या खांबाचे काम राहिले होते, ते काल केले. कंदील जवळ धरून सासऱ्यांनी कोयत्याच्या खुणा बोटाने एकेक करून मोजल्या आणि मी वहीत रेघा ओढत गेले. एकशे चौदा भरल्या. खालच्या त्यांच्या आजोबांच्या हातच्या आहेत, कारण त्या उजवीकडे झुकलेल्या आहेत आणि आजोबा डावरे होते. मधल्या त्यांच्या वडिलांच्या. सर्वात वरच्या त्यांच्या स्वतःच्या. कोणती खूण कोणत्या पाडणीची, ते आता ते आठवून सांगत आहेत आणि मी लिहून घेते आहे.